समतलक आणि संवेदक यांमधील अंतर : भिंगाच्या दुर्बिणीने घेतलेल्या ताराचित्रांच्या कडांचा प्रश्न

भिंगाच्या दुर्बिणीने घेतलेले एखाद्या ताराक्षेत्राचे छायाचित्र बारकाईने पाहिले, तर मध्यभागी तारे टाचणीच्या टोकासारखे रेखीव आणि कोपऱ्यांत मात्र लांबट किंवा फुगलेले, असे दृश्य पुष्कळदा आढळते. या दोषावर उपाय म्हणून दुर्बिणीच्या मागील टोकास ‘फील्ड फ्लॅटनर’ नावाचे एक जोडभिंग बसवितात. प्रस्तुत लेखात त्यास ‘समतलक’ असे म्हटले आहे. परंतु समतलक बसविला आणि दोष गेला असे सहसा घडत नाही. समतलक व कॅमेऱ्यातील संवेदक यांमधील अंतर योग्य नसेल, तर दोष केवळ रूप बदलतो. हे अंतर कसे ठरते, ते चुकल्यास काय होते, आणि ते प्रत्यक्ष ताऱ्यांच्या प्रतिमांवरून कसे निश्चित करावे, याचे विवेचन करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न केवळ चित्राच्या शोभेचा नाही. लहान भिंगाच्या दुर्बिणी व सीमॉस संवेदक यांच्या साहाय्याने रूपविकारी ताऱ्यांचे प्रकाशमापन आणि लघुग्रहांचे स्थानमापन आज पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले आहे. अशा मापनात ताऱ्याभोवती एका ठराविक त्रिज्येचे वर्तुळ कल्पून त्यातील प्रकाश मोजतात. मध्यावरील ताऱ्याचा जवळजवळ सर्व प्रकाश त्या वर्तुळात मावतो, आणि कोपऱ्यातील पसरलेल्या ताऱ्याचा काही भाग वर्तुळाबाहेर राहतो. तुलनेचा तारा जर कोपऱ्यात असेल, तर तो खोटाच मंद भासतो. एकसारख्या उजळ पृष्ठाचे चित्र घेऊन प्रकाशाच्या विषम वाटपाची दुरुस्ती आपण करतो, परंतु तीमुळे ताऱ्याच्या आकारातील हा दोष दूर होत नाही. शेकडो चित्रांची सरासरी घेतल्यानेही तो घटत नाही, कारण तो यादृच्छिक नसून प्रत्येक चित्रात त्याच दिशेने होणारा आहे.

१. प्रतिमा वक्र का होते ?

कोणत्याही साध्या भिंगाने पाडलेली दूरच्या वस्तूची प्रतिमा सपाट प्रतलावर पडत नाही. ती वस्तुभिंगाकडे अंतर्वक्र असलेल्या एका वाटीसारख्या पृष्ठावर पडते. छायाचित्रणाची काच वा संवेदक मात्र सपाट असतो. मध्यावर प्रतिमा स्पष्ट केली, तर कोपऱ्यावरील किरण संवेदकाच्या अगोदरच एकत्र येऊन पुन्हा पसरलेले असतात.

या वक्रतेचा नियम व्हिएन्ना येथील गणिती योझेफ पेट्झव्हाल (१८०७–१८९१) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनीच १८४० मध्ये व्यक्तिचित्रांसाठी तेजस्वी भिंगाची रचना केली होती. नियम असा : प्रत्येक भिंगाची शक्ती त्याच्या वक्रीभवनांकाने भागून सर्व भागाकारांची बेरीज केली, की प्रतिमापृष्ठाची मूळ वक्रता मिळते. या बेरजेत भिंगांमधील अंतरे येत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील विवेचनात तिचा वारंवार उपयोग होणार आहे.

पेट्झव्हाल-वक्रतेत अबिंदुकतेची भर पडते. अक्षापासून दूर असलेल्या ताऱ्याचे किरण दोन परस्परलंब छेदांत निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात. ताऱ्यास व अक्षास सामावणाऱ्या छेदातील किरणांचे जे पृष्ठ, त्यास मध्यच्छेदी पृष्ठ म्हणू, आणि त्यास लंब असलेल्या छेदातील किरणांच्या पृष्ठास लंबच्छेदी पृष्ठ म्हणू. पातळ द्विभिंगी वस्तुभिंगाच्या बाबतीत, मुखछिद्र भिंगापाशीच असताना, अबिंदुकता भिंगाच्या आकारावर अवलंबून नसते. ती केवळ नाभीय अंतरावरून ठरते. नाभीय अंतर ‘न’ असेल, तर नेहमीच्या क्राउन व फ्लिंट काचांच्या वस्तुभिंगात पेट्झव्हाल-वक्रता सुमारे ०.७ ÷ न, लंबच्छेदी पृष्ठाची वक्रता सुमारे १.७ ÷ न आणि मध्यच्छेदी पृष्ठाची सुमारे ३.७ ÷ न येते. दोहोंच्या मधोमध असलेल्या सर्वोत्तम प्रतिमापृष्ठाची वक्रता २.७ ÷ न, म्हणजे त्याची त्रिज्या नाभीय अंतराच्या सुमारे ०.३७ पट होते.

एक उदाहरण घेऊ. मुखव्यास ८० मि.मी. आणि नाभीय अंतर ४८० मि.मी. अशी एक दुर्बीण आहे. तिचे नाभी-गुणोत्तर ६ होय. सर्वोत्तम पृष्ठाची त्रिज्या सुमारे १७८ मि.मी. येते. ३६ × २४ मि.मी. संवेदकाचा कोपरा मध्यापासून २१.६ मि.मी. दूर असतो. या अंतराचा वर्ग त्रिज्येच्या दुपटीने भागला असता कोपऱ्यातील प्रतिमा संवेदकाच्या किती पुढे पडते ते कळते. ते अंतर १.३ मि.मी. आहे. नाभी-गुणोत्तर ६ असताना हिरव्या प्रकाशात प्रतिमेची सुस्पष्टता टिकण्याची मर्यादा दोन्ही बाजूंस सुमारे ०.०४ मि.मी. असते. म्हणजे दोष सहनमर्यादेच्या तीसपटींहून अधिक झाला. मध्यच्छेदी व लंबच्छेदी पृष्ठांचा स्वतंत्र विचार केल्यास कोपऱ्यातील ताऱ्याची प्रतिमा मध्याकडे रोखलेली, सुमारे ०.३० मि.मी. लांब आणि ०.१४ मि.मी. रुंद अशी दिसेल. पिक्सेलची बाजू ३.७६ मायक्रॉन धरल्यास ही लांबी ८० पिक्सेल होते.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उद्‌भवेल. १८८७ मध्ये पॅरिस येथे योजलेल्या आकाशाच्या छायाचित्र-नकाशाचे काम जगातील अनेक वेधशाळांनी भिंगांच्या दुर्बिणींनीच केले. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा त्यात घेतला होता. त्यांना समतलकावाचून कसे चालले ? त्या दुर्बिणींचे मुखव्यास सुमारे ३३ सें.मी., नाभीय अंतर सुमारे ३.४ मीटर व नाभी-गुणोत्तर सुमारे १० होते, आणि प्रत्येक काचेवरील क्षेत्र २ अंश लांब व २ अंश रुंद एवढेच होते. कोपरा अक्षापासून १.४ अंश दूर येतो. आपल्या उदाहरणातील लहान दुर्बिणीत तो २.६ अंश दूर आहे. पसरलेल्या प्रतिमेचा कोनीय व्यास या अंतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि नाभी-गुणोत्तराच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे समतलक नसताना आजच्या या छोट्या दुर्बिणीतील दोष त्या थोर दुर्बिणींच्या सुमारे सहापट होतो. दुर्बीण लहान म्हणून तिचा प्रश्न लहान, असे येथे म्हणता येत नाही.

२. समतलक काय करतो ?

प्रतिमेच्या अगदी निकट एक ऋण भिंग ठेवावे, म्हणजे प्रतिमा सपाट होईल, ही कल्पना स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८७० च्या दशकात मांडली. प्रतिमेपाशी असलेले भिंग नाभीय अंतरात फारसा फरक करीत नाही, परंतु पेट्झव्हालच्या बेरजेत त्याची ऋण शक्ती पूर्णपणे मोजली जाते. असे भिंग एकटे वक्रता कमी करते. मात्र ते प्रतिमेला जवळजवळ चिकटून असावे लागते. त्यावरील धुळीचा प्रत्येक कण चित्रात उमटतो, आणि फिल्टर, पडदा वगैरेंना जागाच उरत नाही.

म्हणून आजचे समतलक संवेदकाच्या बऱ्याच पुढे बसविलेले दोन, तीन वा अधिक भिंगांचे असतात. इतक्या पुढे ताऱ्याची किरणशलाका अद्याप निमुळती झालेली नसते. ती भिंगावर पुरेशी रुंद असते, आणि त्यामुळे समतलक स्वतःची अबिंदुकता प्रतिमेत मिसळू शकतो. रचनाकार तिचा हेतुपुरस्सर उपयोग करतो. पेट्झव्हाल-वक्रतेचा जो अंश शिल्लक राहतो, त्याच्याविरुद्ध चिन्हाची अबिंदुकता योजून सर्वोत्तम पृष्ठ सपाट केले जाते.

अंतराच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. पेट्झव्हालच्या बेरजेत अंतर येत नाही हे आपण पाहिलेच. समतलक दहा मि.मी. पुढेमागे सरकविला, तरी तो भाग बदलत नाही. बदलते ती अबिंदुकता, कारण समतलक प्रतिमेपासून जितका दूर, तितकी त्यावरील किरणशलाका रुंद. त्याबरोबर इतर विपथनेही थोडीफार बदलतात. अंतर चुकल्यावर कोपऱ्यातील तारे नुसते फुगत नाहीत तर एका दिशेने ताणले जातात, त्याचे कारण हेच होय. तिसऱ्या घातापर्यंतच्या सिद्धान्तानुसार अबिंदुकतेतील कोणत्याही बदलाने मध्यच्छेदी पृष्ठ लंबच्छेदी पृष्ठाच्या तिप्पट सरकते. प्रयोगात हे गुणोत्तर साधारणपणे जरी आढळले, तरी आपण मोजीत असलेला फरक खरोखर अंतरामुळेच झाला आहे, अशी खात्री पटते.

आणखी एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. दुर्बिणीच्या मागील नळी आतबाहेर करून प्रतिमा स्पष्ट करताना समतलक व संवेदक दोन्ही एकत्र सरकतात. त्यांच्यामधील अंतर त्यामुळे तसूभरही बदलत नाही. उलट, त्या दोहोंमध्ये एक कडे वाढविले, की प्रतिमा पुन्हा स्पष्ट करण्यासाठी समतलकास वस्तुभिंगाच्या शलाकेत अधिक आत जावे लागते. तेव्हा नळी फिरविणे आणि अंतर ठरविणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिलीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

३. पंचावन्न मिलिमीटरांचा आकडा

बहुतेक समतलकांच्या माहितीपत्रकात संवेदकापर्यंतचे अंतर ५५ मि.मी. असावे असे लिहिलेले असते. या आकड्यामागे प्रकाशशास्त्राचा कोणताही नियम नाही. त्याचा उगम कॅमेऱ्यांच्या इतिहासात आहे. जपानमधील तामरॉन कंपनीने १९५७ मध्ये कोणत्याही कॅमेऱ्यास जोडता येईल अशी टी-जोडणी प्रचारात आणली. तीत भिंगाच्या धातूच्या बैठकीपासून चित्रप्रतलापर्यंतचे अंतर ५५ मि.मी. धरले होते. कॅनन ईएफ कॅमेऱ्याची बैठक चित्रप्रतलापासून ४४ मि.मी. दूर असल्याने त्याचे टी-कडे ११ मि.मी. जाडीचे, आणि निकॉन एफ कॅमेऱ्याची बैठक ४६.५ मि.मी. दूर असल्याने त्याचे कडे ८.५ मि.मी. जाडीचे करतात. दोन्ही बेरजा ५५ येतात. दुर्बिणींच्या उत्पादकांनी हाच आयता संकेत स्वीकारला आणि समतलकाची रचना त्या अंतराला अनुसरून केली.

म्हणून हा आकडा प्रमाण मानण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तो कोणत्या पृष्ठापासून मोजावयाचा. बहुधा तो समतलकाच्या धातूच्या खांद्यापासून मोजतात, काचेपासून नव्हे. कड्यांचे आटे एकमेकांत शिरून नाहीसे होतात, म्हणून त्यांची लांबी बेरजेत धरावयाची नाही. दोन, तो कोणत्या वस्तुभिंगासाठी आहे. एकाच दुर्बिणीसाठी घडविलेल्या समतलकाचा आकडा त्या जोडीपुरता खरा असतो. अनेक दुर्बिणींना चालणाऱ्या समतलकाबरोबर निरनिराळ्या नाभीय अंतरांसाठी निरनिराळ्या अंतरांचे कोष्टक देतात. वस्तुभिंगाची वक्रता नाभीय अंतरानुसार बदलत असल्याने हे अपरिहार्यच आहे. तीन, मधल्या काचांचा हिशेब केला आहे किंवा नाही.

या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. समतलक व संवेदक यांच्यामध्ये सपाट काच आली, की प्रतिमा मागे सरकते. ही सरक म्हणजे काचेची जाडी गुणिले (१ − १ ÷ वक्रीभवनांक). ३ मि.मी. जाडीच्या फिल्टरचा वक्रीभवनांक १.५२ धरल्यास सरक १.०३ मि.मी. होते. स्थूलमानाने काचेच्या जाडीचा एकतृतीयांश भाग अपेक्षित अंतरात मिळवावा. वजा करावा की मिळवावा अशी शंका आल्यास, काचेमुळे प्रतिमा मागे जाते म्हणून संवेदकही मागे नेला पाहिजे, एवढे आठवावे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या संरक्षक काचेसही हाच नियम लागू आहे. उत्पादकाने ती आपल्या मापात धरली आहे का, हे पाहून घ्यावे.

उदाहरणादाखल एक मांडणी घेऊ. कॅमेऱ्याच्या पुढील बैठकीपासून संवेदक १७.५ मि.मी. आत आहे, फिल्टर-चक्राची जाडी २० मि.मी. आहे, आणि एक कडे १६.५ मि.मी. जाडीचे आहे. एकूण ५४ मि.मी. झाले. फिल्टर धरून हवे असलेले अंतर ५६ मि.मी. आहे. तेव्हा आणखी २ मि.मी. कडी वा पातळ चकत्या घालाव्या लागतील. प्रत्येक तुकडा व्हर्निअर कॅलिपरने स्वतः मोजावा. कड्यावर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये.

४. ताऱ्यांचे आकार काय सांगतात ?

अंकगणिताने आपण योग्य जागेच्या आसपास पोहोचतो. अखेरचा निर्णय ताऱ्यांवरच सोपवावा लागतो. या संबंधी एक ठोकताळा अभ्यासकांत प्रचलित आहे : कोपऱ्यांतील तारे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याकडे रोखलेले असतील, तर संवेदक समतलकाच्या फार जवळ आहे, आणि ते चाकाच्या धावेप्रमाणे मध्याभोवती वळलेले असतील, तर तो फार दूर आहे. पहिल्यास अरीय लांबट आणि दुसऱ्यास परिघीय लांबट असे म्हणू.

हा ठोकताळा पुष्कळदा उपयोगी पडतो, परंतु तो नियम नव्हे. मध्यावर प्रतिमा स्पष्ट केलेली असताना कोपऱ्यातील तारा अरीय लांबट दिसतो, याचा अर्थ एवढाच की तेथे मध्यच्छेदी पृष्ठ लंबच्छेदी पृष्ठापेक्षा संवेदकापासून अधिक दूर आहे. परिघीय लांबट तारा याच्या उलट सांगतो. आता पेट्झव्हाल-वक्रतेचा शिल्लक अंश अबिंदुकतेने संतुलित केलेली रचना घ्या. योग्य अंतरावर तीतील एक पृष्ठ संवेदकाच्या थोडे पुढे व दुसरे तितकेच मागे असते, आणि तारा गोल दिसतो. अबिंदुकतेची दुरुस्ती किंचित कमी पडली, तर मध्यच्छेदी पृष्ठ संवेदकाकडे झपाट्याने येते आणि तारा परिघीय लांबट होतो. दुरुस्ती पुष्कळच कमी पडली, तर तेच पृष्ठ संवेदक ओलांडून दुसऱ्या बाजूस दूर जाते आणि तारा अरीय लांबट होतो. चूक एकाच दिशेची, फक्त परिमाण भिन्न, आणि ताऱ्याचा आकार मात्र परस्परविरुद्ध ! ज्या रचनेत पेट्झव्हाल-वक्रता पूर्णपणे नष्ट केली आहे, तीत तर अंतर कमी असो वा अधिक असो, मध्यावर स्पष्टता साधल्यास तारे दोन्ही वेळी अरीयच लांबतील.

शिवाय प्रतिमा कोठे स्पष्ट केली आहे, यावरही आकार अवलंबून असतो. संपूर्ण चित्रातील ताऱ्यांच्या सरासरी रुंदीवरून यंत्राने स्पष्टता साधल्यास ती मध्य व कोपरे यांच्या दरम्यान कोठेतरी तडजोडीने ठरते. अशा चित्रातील लांबट ताऱ्यांवरून अनुमान काढणे धोक्याचे आहे. तात्पर्य, एका चित्रावरून दिशा ठरवू नये. अंतर एक मि.मी. बदलावे, मध्यावर पुन्हा स्पष्टता साधावी, आणि दोष वाढला की घटला हे पाहावे. दोन चित्रांतील फरक हा कोणत्याही ठोकताळ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे.

अंतराशी संबंध नसलेले दोष अगोदरच वेगळे काढावेत. चित्रभर सर्व तारे एकाच दिशेने लांबट असतील, तर दुर्बीण ताऱ्यांचा नीट पाठलाग करीत नाही. एकच बाजू बिघडली असेल, तर संवेदक तिरपा बसला आहे किंवा एखादे भिंग अक्षावरून ढळले आहे. मध्यावरील तारेच गोल नसतील, तर प्रथम वस्तुभिंगाची तपासणी करावी. चारही कोपरे सममितपणे बिघडले असतील, तरच अंतराचा संशय घ्यावा.

५. मापनाची पद्धत

वरील सर्व दोष एकाच प्रयोगाने विभक्त करता येतात. तो प्रयोग असा. चंद्र नसलेल्या स्थिर रात्री, आकाशात उंचावर असलेले ताऱ्यांनी भरलेले क्षेत्र निवडावे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या पूर्वरात्री हंस तारकासमूह यास सोयीचा आहे. पाठलागाचा दोष शिरू नये म्हणून उद्‌भासन अल्प, दहा ते तीस सेकंदांचे ठेवावे. मग नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे समान पायऱ्यांनी सरकवीत प्रत्येक पायरीवर दोन-तीन चित्रे घ्यावीत. पायरी ०.०२ ते ०.०३ मि.मी. असावी. नळीस मोटर नसल्यास डायल गेज लावून वाचने घेता येतात. नळी नेहमी एकाच दिशेने सरकवावी, म्हणजे दातेरी चक्रांतील ढिलाईचा दोष येणार नाही.

त्यानंतर मध्यावरील आणि चारही कोपऱ्यांवरील ताऱ्यांच्या रुंदी मोजून, प्रत्येक ठिकाणी ती कोणत्या वाचनास न्यूनतम होते ते आलेखावरून काढावे. कोपऱ्यांत अरीय व परिघीय रुंदी स्वतंत्रपणे मोजाव्यात. अरीय रुंदी जेथे न्यूनतम, तेथे मध्यच्छेदी पृष्ठ असते, आणि परिघीय रुंदी जेथे न्यूनतम, तेथे लंबच्छेदी. दोहोंची सरासरी म्हणजे त्या कोपऱ्याची सर्वोत्तम नाभी होय.

समजा, समतलक व संवेदक यांत ५५.० मि.मी. अंतर असताना चार कोपऱ्यांच्या नाभी मध्यापेक्षा वस्तुभिंगाकडे अनुक्रमे २०, १००, १६० आणि ८० मायक्रॉन आढळल्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा करून पाहाव्यात. २० आणि १६० मिळून १८०, तसेच १०० आणि ८० मिळून १८०. दोन्ही बेरजा समान येणे, हे केवळ वक्रता व तिरपेपणा एवढेच दोष असल्याचे गमक आहे. चारही आकड्यांची सरासरी ९० मायक्रॉन ही वक्रता झाली. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील फरक, म्हणजे १४० व २० मायक्रॉन, हा तिरपेपणा होय. पहिला फरक ४३ मि.मी. लांबीच्या कर्णावरील असल्याने संवेदक त्या दिशेने सुमारे ११ कला कललेला आहे. अंतर कितीही बदलले, तरी हा कल जाणार नाही. तो कॅमेऱ्याच्या बैठकीच्या स्क्रूंनीच दूर करावा लागेल. उलटपक्षी, स्क्रू कितीही फिरविले तरी सरासरी वक्रता हटणार नाही. या दोन दोषांची गल्लत केल्यामुळे अनेकांच्या कित्येक रात्री व्यर्थ गेलेल्या आहेत.

आता १ मि.मी. चकती घालून हाच प्रयोग पुन्हा केला, आणि सरासरी वक्रता ३० मायक्रॉन आली, असे समजू. एक मि.मी. अंतराने वक्रता ६० मायक्रॉनने घटली. लहान पल्ल्यात हा संबंध सरळ रेषेचा मानता येतो, म्हणून शून्य वक्रता आणखी अर्ध्या मि.मी. अंतरावर, ५६.५ मि.मी. येथे मिळेल. हिशेबाने ५६ मि.मी. अपेक्षित होते. राहिलेला फरक कॅमेऱ्याच्या संरक्षक काचेने किंवा घडणीतील सूक्ष्म फरकांनी सहज स्पष्ट होतो. अखेरीस ५६.५ मि.मी. ठेवून तिसरे मापन करावे. दोन बिंदूंतून काढलेली रेषा तिसऱ्या बिंदूने पडताळली, म्हणजे निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. सरासरी वक्रता ०.०४ मि.मी. या सहनमर्यादेच्या आत आली, आणि कोपऱ्यांत मध्यच्छेदी व लंबच्छेदी नाभींमध्ये फारसा फरक उरला नाही, की थांबावे. त्यापुढील सूक्ष्मता वातावरणाच्या चंचलतेत बुडून जाते.

६. लघुकारकाची विशेष सोय

काही समतलक नाभीय अंतरही कमी करतात. त्यांना रिड्यूसर, म्हणजे लघुकारक, म्हणतात. यांत अंतराचा परिणाम प्रतिमेच्या प्रमाणावरही होतो. लघुकारकाच्या मुख्य प्रतलापासून संवेदकापर्यंतचे अंतर त्याच्या स्वतःच्या नाभीय अंतराने भागून भागाकार १ मधून वजा केला, की लघुकरणाचे गुणोत्तर मिळते. लघुकारकाचे नाभीय अंतर ३२५ मि.मी. आणि मुख्य प्रतलापासून संवेदक ६५ मि.मी. दूर असेल, तर गुणोत्तर ०.८०० येते, व ४८० मि.मी. नाभीय अंतराची दुर्बीण ३८४ मि.मी.ची होते. संवेदक २ मि.मी. मागे नेल्यास ती सुमारे ३८१ मि.मी.ची होईल.

चित्रातील ताऱ्यांची त्यांच्या ज्ञात स्थानांशी संगणकाने जुळवणी केली, की प्रभावी नाभीय अंतर याहूनही सूक्ष्मतेने कळते. प्रत्येक अंतरास हे मूल्य नोंदविल्यास, प्रत्यक्षात किती अंतर बदलले याचा स्वतंत्र पडताळा मिळतो. साध्या समतलकात, त्याची शक्ती जवळजवळ शून्य असल्याने, ही सोय नसते.

७. समारोप

एकदा निश्चित केलेले अंतर तापमानाने बिघडेल काय ? ५५ मि.मी. लांबीचे अॅल्युमिनियमचे कडे २० अंश सेल्सिअस तापमान उतरल्यास केवळ ०.०२५ मि.मी. आकसते. अंतराच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे. त्याच वेळी ४८० मि.मी. लांबीची नळी मात्र ०.२२ मि.मी. आकसते, आणि हा फरक सुस्पष्टतेच्या मर्यादेच्या पाचपटींहून अधिक आहे. म्हणून प्रतिमा रात्रीतून अनेकदा नव्याने स्पष्ट करावी लागते, परंतु अंतरास पुन्हा हात लावण्याचे कारण नसते. फिल्टर, फिल्टर-चक्र वा कॅमेरा बदलल्यास मात्र सर्व हिशेब नव्याने करावा. जाडी भिन्न असलेला एखादा फिल्टर चक्रात असेल, तर त्या एका रंगातील चित्रांचे कोपरे वेगळे दिसतील, हेही ध्यानात असावे.

प्रयोगवहीत अंतराच्या आकड्याशेजारी तीन नोंदी असाव्यात : ते कोणत्या पृष्ठापासून मोजले, मधे कोणत्या जाडीच्या काचा होत्या, आणि त्या अंतरास चार कोपऱ्यांच्या नाभी किती आढळल्या. या तीन नोंदी असतील, तर पुढील वर्षी तीच दुर्बीण हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या निरभ्र रात्रीपासून मापनास आरंभ करता येईल. त्या नसतील, तर ‘५५ मि.मी.’ एवढ्याच आकड्यावरून त्यास काहीही बोध होणार नाही, आणि मोजक्या मिळणाऱ्या रात्रींपैकी काही त्याच शोधात पुन्हा खर्ची पडतील.